मदत हवी आहे: टेबलावर सुई बाहेर येते, पोटात वळण आलं की येत नाही (एंडोस्कोपीची इंजेक्शन नळी)

लेथवाला

नमस्कार मंडळी,

आजवर इथे फक्त भटकंतीचे आणि पाककृतींचे धागे वाचले. पहिल्यांदाच काही विचारतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

भोसरी एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी, एक म्हातारा लेथ, चार माणसं. वीस वर्षं दुचाकीच्या कंट्रोल केबलचं काम केलं: क्लच, ब्रेक, चोक. निपल बसवणं, फेरूल दाबणं हे झोपेतही जमेल. शाळेतला एक मित्र पोटविकारतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या गावी बसतो. दिवाळीत भेटला तेव्हा त्याने खिशातून एक वापरून झालेली, धुतलेली नळी काढली आणि म्हणाला, "ही तुझ्या क्लच केबलसारखीच आहे बघ. आत नळी, बाहेर नळी, टोकाला सुई, मागे मूठ. तू का नाही बनवत?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जठरातला अल्सर फुटून रक्त वाहत असेल तर दुर्बीण तोंडातून आत घालतात. दुर्बिणीच्या आत साधारण २.८ मिमीचा एक बोगदा असतो. त्यातून ही लांब नळी सारायची, मूठ दाबायची, टोकातून चार-पाच मिमी सुई बाहेर येते, ती अल्सरच्या कडेला टोचायची आणि मागून सिरिंजने औषध ढकलायचं. काम झालं की सुई परत म्यानात.

मी बनवलेला नमुना असा आहे:
बाहेरची नळी पीटीएफई (म्हणजे टेफ्लॉन), बाहेरून २.३ आणि आतून १.७ मिमी. आतली नळीही पीटीएफई, १.३ बाय ०.८. एकूण लांबी २३०० मिमी. सुई २५ गेज, आतल्या नळीत क्रिम्प केलेली (दाबून घट्ट बसवलेली). मुठीचा स्ट्रोक ८ मिमी, म्हणजे ३ मिमी आत लपलेली आणि ५ मिमी बाहेर.

टेबलावर सरळ ठेवली की झकास. टिक्, सुई बाहेर. टिक्, सुई आत. मित्राने त्याच्या जुन्या, बाद झालेल्या दुर्बिणीत घालून टोक उलटं वळवलं तर सुई जेमतेम दीड मिमी बाहेर आली. तीही स्पंजाला टेकवली की मागे सरकते. दाबत राहिलं तरी तेच. मी मूठ बदलली, स्प्रिंग बदलली, दोन्ही नळ्यांत सिलिकॉन तेल घातलं. काही फरक नाही. क्लच केबलला चार वळणं दिली तरी ती काम करते, मग हिला काय धाड भरलीय?

दुसरा प्रश्न छोटा आहे. १० मिलीच्या सिरिंजने ढकलताना अंगठा दुखतो, म्हणून आतलं भोक बदलावं का?

---

पेन्शनर_काका

विषयातलं काही कळत नाही, पण वाचून गंमत वाटली. आमच्या लहानपणी कंपाउंडर काचेची सिरिंज पितळी डब्यात उकळायचा आणि सुई दगडावर घासून धार लावायचा. ती मात्र वळणात न वळणात, बरोब्बर बाहेर यायची. चालू द्या.

---

डॉ_रातपाळी

लेथवाला, प्रश्न अगदी खरा आहे. आमच्यापैकी प्रत्येकाने रात्री दोन वाजता हे भोगलंय. अन्ननलिकेत सगळ्या सुया छान वागतात. जठराच्या वरच्या घुमटात बघायला दुर्बीण इंग्रजी जे अक्षरासारखी उलटी वळवावी लागते, टोक सुमारे २१० अंशांपर्यंत वळतं, आणि नेमकी तिथेच सुई संप पुकारते. सिस्टर म्हणते "नीडल आउट", पडद्यावर काही दिसत नाही.

म्हणून आपण काय करतो, तर सुई सरळ असतानाच बाहेर काढून मग वळवतो. हे चुकीचं आहे, सुई दुर्बिणीचा बोगदा आतून ओरबाडते आणि दुरुस्तीचं बिल लाखांत जातं. पण हातात बंद पडणारी सुई असली की लोक करतात.

एक विचारतो. पुढचा बेत काय आहे? स्पंजानंतर?

---

लेथवाला

डॉक्टर, खरं सांगतो. मित्र म्हणाला की एवढं जमलं की निर्जंतुक करून एखाद्या पेशंटवर हळूच वापरून बघू, तसा तो रोज शंभर सुया वापरतोच.

---

डॉ_रातपाळी

नाही. मित्राला माझा निरोप द्या, नाही म्हणजे नाही. रोज वापरतो त्या सुयांची टोकं सुटून पोटात पडणार नाहीत हे कुणीतरी ओढून, वाकवून, मोजून बघितलेलं असतं. तुमच्या सुईचं क्रिम्प किती वजनाला सुटतं हे तुम्हाला तरी माहीत आहे का? वाईट वाटून घेऊ नका.

---

लेथवाला

वाईट नाही वाटलं. क्रिम्पची ओढ-चाचणी केलेली नाही. क्लचच्या निपलची प्रत्येक लॉटला करतो, इथे का नाही केली देव जाणे.

---

पावसाळी_गॉलवे

उशिरा आलो, इथे आयर्लंडमध्ये कॅथेटरच्याच कारखान्यात राबतो. लेथवाला, तुमचा घोटाळा तुमच्याच वाक्यात आहे. क्लच केबल ओढते. ही नळी ढकलते. ओढलेली दोरी ताठ होते, ढकललेली दोरी गोळा होते. वीस वर्षं ओढण्याचा विचार केल्यावर ढकलण्याचा विचार हाताला येत नाही, यात तुमचा दोष नाही.

आता हिशोब. तुमच्या दोन नळ्यांमध्ये व्यासाची मोकळीक १.७ उणे १.३, म्हणजे ०.४ मिमी. आतली नळी मध्यभागी असेल तर सगळीकडे ०.२. आतल्या नळीला ढकललं की ती प्रत्येक वळणात बाहेरच्या भिंतीला चिकटून लांबचा रस्ता धरते, धावपट्टीवर बाहेरच्या लेनमध्ये पळणाऱ्यासारखी. जादा रस्ता किती? मोकळीक गुणिले एकूण वळण. घशात ९० अंश, जठरात ९०, टोकाला २१०, शिवाय डॉक्टरांच्या हाताशी बाहेर लोंबणारा झोल धरा १५०. झाले ५४०, म्हणजे ९.४ रेडियन. ०.२ गुणिले ९.४ म्हणजे १.९ मिमी सुई तिथेच गेली. तेल ओतून हा तोटा भरत नाही, कारण तो घर्षणाचा नाहीच, भूमितीचा आहे.

उरली ३.१. मग तुम्हाला दीडच का दिसली? कारण आतली नळी रबरासारखी आखडते. पीटीएफईचा ताठपणा साधारण ०.५ गिगापास्कल. तुमच्या नळीचं काटछेदाचं क्षेत्रफळ ०.८२ चौमिमी, लांबी २३०० मिमी. एका न्यूटनला, म्हणजे फक्त शंभर ग्रॅमच्या दाबाला, ती ५.६ मिमी आखडते! नुसत्या आतल्या घर्षणानेच दीड मिमी खाल्ला. आणि टोकाला टोचायला समजा अर्धा न्यूटन लागला, तर वळणांच्या घर्षणामुळे मागे त्याच्या अडीच पट ढकलावं लागतं, नळीत सरासरी ०.८ न्यूटन धरा. ०.८ गुणिले ५.६ म्हणजे साडेचार मिमी. म्हणजे तुमच्याकडे उरलेल्या सुईपेक्षा जास्त. म्हणून स्पंजाला टेकली की आत जाते.

सिरिंजचं: नळीतला दाब व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. पाण्यासारखं औषध पाच सेकंदांत एक मिली ढकलायचं तर तुमच्या ०.८ च्या लांब नळीत ०.४६ बार आणि २५ गेजच्या सुईत (आतून ०.२६ मिमी, लांबी २० मिमी धरून) ०.३६ बार. एकूण ०.८ बारच्या आसपास. १० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या सुमारे १५ मिमीचा, अंगठ्याला दीड किलो. ५ मिलीची घ्या, एक किलो. सिरिंज लहान करा, भोकाला हात लावू नका. ०.७ केलंत तर नळीतला दाब १.७ पट होईल.

---

लेथवाला

हे वाचून तासभर नुसता बसून राहिलो. मग नळी सरळ वाकवून (म्हणजे वाकवून, सरळ नव्हे) दोन पाण्याच्या पाइपांभोवती दीड वेढा दिला आणि स्केल लावली. मागे मूठ पूर्ण दाबून सुई १.६ मिमी. तुमचं गणित (३.१ उणे दीड) आणि माझी स्केल तंतोतंत जुळली. सायकलच्या ब्रेकची वायर उलटी ढकलून बघायचं मला वीस वर्षांत सुचलं नाही.

मग करायचं काय? मुठीचा स्ट्रोक वाढवून सोडला तर सरळ असताना सुई दहा मिमी बाहेर येईल. जठराची भिंत केवढी असते?

---

डॉ_रातपाळी

काही मिलिमीटर. दहा मिमी सुई आरपार जाऊन पलीकडच्या पोकळीत औषध सोडेल. असलं काही करू नका.

---

पावसाळी_गॉलवे

स्ट्रोक वाढवायचाच, पण सुई किती बाहेर यायची ते मुठीने ठरवायचं नाही. ते टोकाने ठरवायचं. बाहेरच्या नळीच्या टोकाशी आत एक स्टीलची रिंग बसवा. सुईवर मागे एक खांदा द्या. खांदा रिंगेला टेकला की सुई ५ मिमीच बाहेर, मग मागून कितीही ढकला. मुठीला भरपूर जास्तीची चाल ठेवा, १८-२० मिमी. वळणातली उणीव, आखडणं, सगळं ती जास्तीची चाल गिळते.

आणि यात दुसरा फायदा आहे, तो तुम्हाला लगेच कळेल. बोल्टला आपण आधी ताण देऊन ठेवतो ना, म्हणजे बाहेरचं बळ त्या ताणापेक्षा कमी असेपर्यंत जोड उघडत नाही? तसंच. खांदा रिंगेवर एका न्यूटनने दाबलेला असेल तर अर्ध्या न्यूटनच्या टोचणीने सुई मागे सरकूच शकत नाही. मागची नळी हवी तेवढी आखडलेली असू दे.

मोकळीकही कमी करा. आतली नळी १.५ बाहेरून, ०.८ आतून. भोक तेवढंच राहतं आणि वळणाचा तोटा निम्मा होतो.

परत ओढतानाचाही विचार करा. ओढताना नळी आतल्या लेनमध्ये जाते आणि लांबते. मूठ पूर्ण मागे आलीय पण टोकाला सुई अजून मिमीभर बाहेर, असं झालं तर दुर्बीण ओरबाडलीच समजा. परतीची चालही तितकीच उदार ठेवा.

---

निळा_लिटमस

पॉलिमरवाली बोलते. दोन्ही नळ्या पीटीएफईच्या का घेतल्यात? घसरट हवं म्हणून ना? घसरटपणा एका बाजूने पुरतो. बाहेरची राहू द्या, आतली नायलॉन १२ ची करा. ताठपणा १.३ गिगापास्कलच्या आसपास, आणि १.५ बाय ०.८ च्या मापात न्यूटनला ५.६ ऐवजी १.४ मिमी आखडेल. पीईईके त्याहून कितीतरी ताठ, पण महाग आणि जोरात वळवलं तर घडी पडते. नायलॉनपासून सुरुवात करा.

क्रिम्पिंगचा तुम्हाला अभिमान दिसतो (हलके घ्या), पण पीटीएफई दाबाखाली हळूहळू वाहतं. आज घट्ट दाबलेली सुई गोदामात दोन महिने पडली की सैल. डॉक्टर ज्या "सुटून पोटात पडण्या"बद्दल म्हणताहेत ते इथूनच होतं. त्यामुळे ओढ-चाचणी ताज्या नगावर करून समाधान मानू नका. गरम कपाटात जुने करून परत ओढा.

आणि एक. निर्जंतुक करायला कुणी गॅमा किरण सुचवेल, ट्रॉम्बेला १९७४ पासून त्यासाठीच आयसोमेड आहे वगैरे. पीटीएफई गॅमाखाली ठिसूळ होतं, पार चुरा. इथिलीन ऑक्साइड वायूच लागेल. आणि मग तो वायू सव्वादोन मीटरच्या ०.८ च्या भोकातून आत पोचतो का आणि नंतर पूर्ण बाहेर निघतो का, हे वेगळं मोजावं लागेल.

---

टेक_टपरी

एवढा खटाटोप कशाला? आता गोळीच टोचते म्हणे! एमआयटीवाल्यांनी बनवलीय.

---

पावसाळी_गॉलवे

@टेक_टपरी, २०१९ मध्ये सायन्स मासिकात आली होती ती. सुंदर काम आहे. लेपर्ड कासवाची पाठ बघून आकार दिला, म्हणजे जठरात कशीही पडली तरी पालथी-उताणी होऊन बुडावर बसते. आत दाबलेली स्प्रिंग साखरेच्या चकतीने अडवलेली. साखर विरघळली की स्प्रिंग सुटून इन्सुलिन भिंतीत जातं. डुकरांवर करून पाहिलं त्यांनी. पण ती जिथे बसेल तिथे टोचते. रक्त वाहणारी जागा हेरून तिथेच टोचायचं तर डोळा आणि हात दोन्ही लागतात. साखरेची खिट्टी मात्र लेथवाल्यांना आवडेल.

---

फाईलवाली

नियमांचं कुणीतरी बोलायला हवं, मी बोलते. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. आणि १ एप्रिल २०२० पासून झाडून सगळी उपकरणं औषध कायद्याखाली आली, त्यामुळे "आपली छोटी नळी, कोण विचारतंय" हा युक्तिवाद संपला. अ, ब, क, ड असे जोखमीचे चार वर्ग. अ आणि ब चा उत्पादन परवाना राज्याचं एफडीए देतं, क आणि ड चा केंद्र. तुमची नळी कुठल्या वर्गात ते सीडीएससीओच्या (केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेच्या) यादीत आधी बघून घ्या, त्यावर सगळं अवलंबून आहे.

विकायच्या आधी, नुसतं चाचणीसाठी बनवायलाही परवाना लागतो. अर्ज एमडी-१२, मिळतो तो एमडी-१३. माणसावर जायचं तर नैतिकता समिती आलीच. आत्तापासून एक वही घाला: कुठली नळी, कुठला लॉट, कुणी क्रिम्प केलं, किती ओढलं. आयएसओ १३४८५, म्हणजे उपकरणांच्या गुणवत्तेचं मानक, पहिल्या दिवशी ही वहीच असते. आणि आयएसओ १४९७१ ची जोखीम-यादी तर डॉ_रातपाळींनी वर अर्धी लिहूनच दिलीय: सुई सुटणं, आत न जाणं, आरपार जाणं.

पुण्यात आहात तर पाषाणला एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर आणि मुंबईत आयआयटीचं वैद्यकीय उपकरणांचं केंद्र बेटिक, दोन्हीकडे असली माणसं भेटतात. चहा घेऊन जाऊ नका, नमुना घेऊन जा.

---

लेथवाला

तीन आठवड्यांनी हजर होतोय. मध्ये क्लचची मोठी ऑर्डर होती, पोट तिच्यावर आहे.

नायलॉनची नळी मिळाली, १.५ बाय ०.८. टोकाला ३०४ स्टीलची रिंग, सुईवर खांदा (०.२ मिमीची पायरी सीएनसीवर काढताना मुलाने चार तुकडे वाया घातले). मुठीची चाल १८. पाइपांभोवती दीड वेढा देऊन सुई ४.९. सरळ ठेवून ५.०. माझा विश्वास बसेना, मुलाला मोजायला लावलं.

मग टोचून बघायला खडकीच्या मटणवाल्याकडून वजडी आणली. आत मिथिलीन ब्लू मिसळलेलं मिठाचं पाणी. टोचते, मागे सरकत नाही, निळा फुगा येतो. फक्त कधी कधी आत न जाता वरून घसरते.

सुई ओढून बघितली. पीटीएफईवाली जुनी साडेआठ न्यूटनला सुटली होती. नायलॉनवाली २६ ला. पण हे ताजे नग. दहा नग ५५ अंशांच्या कपाटात ठेवलेत, निळा_लिटमस यांच्या धाकाने.

मित्राला सगळा धागा वाचून दाखवला. "नाही म्हणजे नाही" वर तो हसला, आणि मग गप्प बसला. आता तोही वहीत सही करतो.

---

डॉ_रातपाळी

वा! घसरण्याचं कारण वजडी असेल. ती जठराचा पहिला कप्पा असते, आतून काटेरी आणि चिवट. माणसाच्या जठरासारखा असतो तो शेळीचा चौथा कप्पा. मटणवाल्याला तो वेगळा मागा, देईल.

आता एक वाईट बातमी. तुमचा मित्र ही फक्त अल्सरचं रक्त थांबवायच्या अ‍ॅड्रेनलिनसाठी वापरणार असेल तर ठीक (तेही आता एकटं पुरत नाही, सोबत क्लिप किंवा डाग देणं लागतं). पण घुमटातल्या फुगलेल्या शिरांमध्ये आम्ही सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद टोचतो, आणि उलट्या वळणाची खरी गरज तिथेच जास्त. तुमच्या नळीत किती द्रव मावतो हे माहीत आहे?

---

लेथवाला

आत्ताच काढलं. ०.८ चं भोक, २३०० लांबी, १.१६ मिली.

---

डॉ_रातपाळी

बरोबर. म्हणजे एक मिली गोंद ढकलला तर तो सगळा नळीतच असतो. मागून नेमकं नळीत मावतं तेवढंच, म्हणजे १.१६ मिली, डिस्टिल्ड वॉटर ढकललं की गोंद शिरेत जातो. बरेच जण मिठाचं पाणी टाळतात, आयनांमुळे गोंद आतच गोठेल ही भीती. कमी ढकललं तर सुईच्या टोकावर गोंद, आणि सुई शिरेत चिकटलेली. हा आकडा पाकिटावर ठळक छापा, माझ्यासारखा माणूस रात्री दोनला पाढे म्हणत बसणार नाही.

आणि मागचा सिरिंज लावायचा भाग कशाचा आहे?

---

लेथवाला

पॉलिकार्बोनेट. पारदर्शक दिसतो म्हणून.

---

निळा_लिटमस

अरे देवा. गोंदाने पॉलिकार्बोनेटला तडे जातात, आणि गोंदात मिसळतात त्या लिपिओडॉल तेलानेही. पॉलिप्रॉपिलीन करा. अर्धपारदर्शक असतं, बुडबुडा दिसतो तेवढ्यापुरतं पुरे.

---

लेथवाला

सोमवारी साच्यावाल्याकडे जातो. कपाटातले नग पंधरा तारखेला निघतील, ओढून आकडे इथेच टाकेन. गोंदवाल्या नळीसाठी भोक ०.७ करून आतला द्रव कमी करावा की ०.८ च ठेवावं, यावर कुणाचा हात बसलेला असेल तर लिहा. गोंद पाण्यापेक्षा दाट, त्यामुळे १.७ पटीची भीती वाटतेय.

---

पेन्शनर_काका

सगळं वाचलं. एकच शंका, उरलेल्या वजडीचं काय केलंत?

---

लेथवाला

काका, सगळी निळी झाली होती.